मगजीची चौथी बाजू

खारवाडी, पावस
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
राजश्रीचा साष्टांग नमस्कार.

फोन करून उपयोग नाही. तुम्हाला त्यावर ऐकू येत नाही आणि मला या घरात मोकळेपणी बोलता येत नाही. म्हणून पत्र.

कामाचं आधी विचारते. मगजी या शब्दाचा अर्थ काय? कोशातला, पुस्तकातला, जुन्या कागदातला, जिथला मिळेल तिथला सांगा. तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत, तुमच्याशिवाय मी कुणाला विचारणार?

का विचारते ते सांगते. तुमचं माहेर असलं तरी तुम्ही बरीच वर्षं शिमग्याला आला नाहीत, म्हणून सगळंच लिहिते. आपल्या देवीच्या पालखीवर जे पिवळं वस्त्र घालतात, त्याच्या चारही कडांना मगजी असते. ज्या वर्षी समुद्र वाडीतल्या कुणाला ठेवून घेतो, त्या वर्षी जुनी मगजी उसवायची आणि नवी लावायची. ती नवी मगजी त्या माणसाच्या बायकोच्या लुगड्याची कड कापून करायची. एकच माणूस गेला तर चारही बाजू तिच्याच. या वर्षी चार गेले, म्हणून प्रत्येकीची एक बाजू.

कोजागिरीच्या आधी चार दिवस बोट गेली. तिघं सापडले, एक आमच्याच किनाऱ्याला, दोघं खाली पूर्णगडच्या बाजूला. तुमचा भाचा, सर्वेश, सापडला नाही. त्याचा बूट नाही, शर्ट नाही, काही नाही. त्या तिघांच्या बायकांनी आपापली पट्टी दिली. वाडीत शिलाईचं मशीन माझंच, त्यामुळे त्या तीनही बाजू मीच शिवल्या. त्यातल्या भाविकाची पट्टी शिवताना ती माझ्यासमोर बसून होती. मी मान वर केली नाही.

आता चौथी बाजू उघडी आहे. काल गावकीची बैठक झाली. दत्ताराम काका, आता गावकीचे प्रमुख तेच, सगळ्यांसमोर म्हणाले की नऊ मार्चच्या रविवारी पालखी सजवायची, तोवर चौथी बाजू लागली पाहिजे, नाहीतर पालखी देवळाबाहेर निघणार नाही. मी म्हटलं, माझा नवरा गेला असं कुणी पाहिलंय? तर म्हणाले, "बाय, मगजी म्हणजेच मागं राहिलेल्या बाईच्या लुगड्याची कड. शब्दाचा अर्थच तो. त्याला आमी काय करणार?"

आत्या, पट्टी दिली की त्याच संध्याकाळी बायका बांगड्या फोडायला येतात. भटजी तर देहाच्या जागी जाळायच्या दर्भाच्या पुतळ्याची तारीखसुद्धा काढून बसलेत. तो आहे की नाही हे मला माहीत नाही. मी खोटं कशाला बोलू? पण मी अजून मानलेलं नाही, आणि ते मानायचं कधी हे दत्ताराम काकांनी ठरवायचं, याचा मला भयंकर संताप येतो.

सासूबाई एकच धोशा लावतात, की वाडी खोळंबलीय, देऊन मोकळी हो. त्यांचा पोटचा मुलगा, आणि असं कसं बोलवतं त्यांना, कळत नाही.

शब्दाचा अर्थ खरोखर तोच असेल तर मला तेही स्पष्ट लिहा. तुमची नात शमिका बरी आहे. चौथीत आहे.

तुमची,
राजश्री

---

देवरूख
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी चहा केला, मग तो गार होऊ दिला आणि मग शाळेच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल मुलगी माझीच विद्यार्थिनी. तिनं तिथला सगळ्यात जाड कोश काढून दिला, वर पुसूनही दिला, कारण त्याला हात लावणारी बहुधा मीच शेवटची.

तर ऐक. मगजी म्हणजे कपड्याच्या कडेला शिवलेली दुसऱ्या रंगाच्या कापडाची अरुंद पट्टी. संपलं. त्यात नवरा नाही, समुद्र नाही, मागं राहणं तर मुळीच नाही. शब्द फारसीतून आला आणि आपल्याकडे इतका रुळला की कुणाला परका वाटला नाही. जुन्या माणसांच्या बोलण्यात तो अंगरख्यापाशी येतो, टोपीपाशी येतो, दुलईपाशी येतो. दुलई हिरवी असेल तर मगजी तांबडी, असं. आणि सगळ्यात जास्त कुठे येत असेल तर तान्ह्या बाळाच्या कुंचीपाशी. बारशाला कुंची शिवायची तर तिला मगजी हवीच. म्हणजे जो शब्द पाळण्याशी बसतो, त्याला तुमच्या दत्तारामानं स्मशानात नेऊन बसवलं.

इथल्या म्हाताऱ्या शिंप्यालाही विचारलं. तो म्हणाला, रुंद तो गोट, अरुंद ती मगजी, आणि काम दोन्हीचं एकच, कड उसवू नये आणि चार माणसांत बरं दिसावं. तुम्ही ब्लाउजला पायपिंग म्हणता, ती याच घरातली.

हे दत्तारामाला वाचून दाखव. त्याला मी ओळखते. लहानपणी तो पाढे चुकायचा आणि चुकलेलाच पाढा मोठ्यानं म्हणायचा.

ही प्रथा कशी पडली म्हणशील तर मला काही ठाऊक नाही. मी लग्न होऊन लवकर इकडे आले. जुनी असेल, नसेल.

घाबरू नकोस. जेवत जा.

तुझी,
सत्यवती आत्या

---

खारवाडी
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पाकिटावर तुम्ही 'सौ.' लिहिलंत. पोस्टमननं ते अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि शेजारची दोन दारं उघडली. मला मात्र इतकं बरं वाटलं, की पाकीटसुद्धा ठेवून दिलंय. शमिकाच्या शाळेत फॉर्म भरताना बाईंनी वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. पोरीनं ते खोडलं. खाडाखोड केली म्हणून ओरडा खाऊन आली, पण मला सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

मी पत्र घेऊन दत्ताराम काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तेच जास्त लागलं. म्हणाले की कोश पुण्या-मुंबईत बसून लिहितात, त्यांना खारवाडीचा शिमगा काय ठाऊक? इथं शब्द जसा चालतो तसाच त्याचा अर्थ. आणि मग म्हणाले की यंदा सुरमई नाही, बांगडा नाही, लोक देवीच्या उघड्या कडेकडे बोट दाखवतात, त्यांना मी कोश दाखवू का? मी पत्राची घडी घातली आणि निघाले.

परतताना नळावर भाविका भेटली. बोट गेली तेव्हा आम्ही दोघी एकाच दगडावर बसून वाट बघितली होती. ती म्हणाली, "आमचे मेले आणि तुजा तेवढा अमर काय गं?" मी घागर भरायची सोडून घरी आले. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

ब्लाउजची कामं यायची बंद झालीत.

आता एक विचारते. घरी आल्यावर मी सासूबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. प्रथा कशी पडली मला ठाऊक नाही, हे वाक्य आलं तेव्हा त्या हसल्या. चांगलं हसणं नव्हतं ते. म्हणाल्या, "तिला इचार, पयलं लुगडं कुणाचं कापलं व्हतं ता." मी पुष्कळ विचारलं, पण त्या सूप घेऊन अंगणात गेल्या.

आत्या, कुणाचं?

राजश्री

---

खारवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,
नमस्कार.

बारा दिवस झाले, उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? बरी असेल आणि मुद्दाम लिहीत नसाल, तर तसं तरी कळवा.

इथे एक वेगळंच सुरू झालंय. काल मी शमिकाला घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आले तर आतल्या खोलीतली ट्रंक उघडी. माझ्या साड्या खाटेवर काढून ठेवलेल्या, वर माझा हिरवा शालू. सासूबाई खाली बसून ट्रंकेच्या तळाशी काहीतरी चाचपत होत्या. मला बघून सगळं घाईघाईनं आत कोंबलं. म्हणाल्या, कसर लागली का बघत होते. फेब्रुवारीत कसली कसर? आज सकाळी विचारतात, तुझी मोठी कात्री जाड सुताला चालते का गं?

 आता घराबाहेर पडायची मला भीती वाटते.

राजश्री

---

देवरूख
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजश्रीस,

हे पत्र मिळताक्षणी ट्रंकेला कुलूप घाल. किल्ली गळ्यात ठेव. पुढचं नंतर वाच.

घातलंस? आता सांगते. बारा दिवस मी रोज कागद घेऊन बसत होते आणि रोज तो फाडत होते. तब्येतीला काही झालेलं नाही. लाज वाटत होती.

पहिलं लुगडं माझ्या आईचं होतं, गोदाचं. एकोणीसशे एकोणसत्तर साल. माझे वडील गलबत घेऊन गेले ते आलेच नाहीत. तुझ्यासारखंच, काही सापडलं नाही. तोवर देवीच्या मगजीचं कापड बाजारातून यायचं, तांबडं. माझ्या वडिलांकडे पालखीच्या पुढच्या दांडीचा मान होता. त्या शिमग्याला दत्तारामचे वडील म्हणाले की एवढा मानाचा माणूस गेला, तर यंदाची मगजी त्याच्या घरच्या कापडाची लावू. वाईट मनानं म्हणाले नव्हते. पण आईनं साफ नकार दिला. ती रोज संध्याकाळी वडिलांचं ताट वाढत होती. कापड दिलं तर ते ताट तिला बंद करावं लागलं असतं.

मी अठरा वर्षांची होते. माझं लग्न ठरत होतं आणि अडलं होतं. मुलाकडचे म्हणत होते, वडील आहेत की नाहीत ते एकदा नक्की करा, म्हणजे कन्यादान काकांनी करायचं का ते ठरेल. मला लग्न हवं होतं, राजश्री. मला त्या ताटासमोरून निघून जायचं होतं.

आई मासे घेऊन रत्नागिरीच्या बाजारात गेली होती. मी पेटी उघडली, तिच्या चांगल्या लुगड्याचा काठ चार बोटं रुंद कापला आणि देवळात नेऊन दिला. मी म्हटलं, आईनं पाठवलाय. संध्याकाळी ती परत आली तेव्हा बायका अंगणात बसलेल्या होत्या. तिच्या बांगड्या फुटल्या. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, तिला वाटलं असावं की गावकऱ्यांनीच घरात शिरून कापला. तिला कळलं होतं का, हे मला आजवर माहीत नाही. वैशाखात माझं लग्न झालं. म्हणून मी शिमग्याला येत नाही.

पाच वर्षांनी दुसऱ्या एकीचा नवरा गेला. तिला सांगण्यात आलं, गोदानं दिलं होतं, तू पण दे. तिसरीला सांगायचीही गरज पडली नाही. अशी पडली ती प्रथा. शब्द तोच राहिला आणि मी त्याला माझ्या आईचं लुगडं चिकटवलं.

आता तुझी सासू तेच करायला निघालीय. मालन वाईट नाही, पण मीही वाईट नव्हते. घाईला आलेलं माणूस काय करतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

सोबत वडिलांची एक वही पाठवते. देवीच्या वस्त्रांची यादी त्यांनी १९५८ साली लिहिली होती. सातव्या पानावर बघ. 'पालखीचे वस्त्र एक, अंग पिवळे, मगजी तांबडी, बाजारची, दर तीन वर्षांनी नवी.' हा पुण्या-मुंबईचा कोश नाही. खारवाडीच्याच माणसानं, खारवाडीच्याच देवळात बसून लिहिलेलं आहे. दत्तारामाला ते अक्षर ओळखता येईल. त्याला पाढे त्याच अक्षरात घालून दिले जायचे.

माझं नाव सांगायची वेळ आली तर सांग. लपवू नकोस.

सत्यवती

---

खारवाडी
५ मार्च २०२५

ती. आत्यांना,

वही मिळाली. पत्र तीनदा वाचलं आणि मशीनच्या खणात कुलूप लावून ठेवलं.

तुमच्यावर रागवावं असं वाटलं, जमलं नाही. ते नंतर बघू. आत्ता माझ्या डोक्यात दुसरं काही राहतच नाही.

ट्रंकेला कुलूप घातलं. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी किल्ली मागितली. कशाला विचारलं तर म्हणाल्या, काम आहे. मग मात्र माझा तोल सुटला. मी तोंडावर म्हणाले की तुम्हाला माझा शालू कापायचाय, मला ठाऊक आहे, तुम्हाला तुमच्याच मुलाला मारून टाकायचं असेल तर मारा, पण माझ्या कपड्यातून नको. शमिका दारात उभी होती. हे मी बोलायला नको होतं. आता ते परत घेता येत नाही.

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ट्रंक माजी पण हाय. मी लगीन होऊन आल्ये ती तीच घेऊन." मी किल्ली टाकली त्यांच्यासमोर आणि शालू काढून घेतला. शालू आता शिवणाच्या कपड्यांखाली ठेवलाय. त्यांनी माझ्यादेखत ट्रंक उघडली, तळातून एक गाठोडं काढलं आणि त्या पावसला बहिणीकडे निघून गेल्या. दोन दिवस झाले, आलेल्या नाहीत.

माझी मोठी कात्रीही जागेवर नाही.

शालू मी तीनदा उलगडून पाहिला. काठ शाबूत आहे. पण माझ्या बाकीच्या साड्या मला मोजता येत नाहीत, कुठली कधी कुणाला दिली आठवत नाही. त्या गाठोड्यात काय होतं, आत्या? एखादी माझी साडी असली आणि त्यांनी ती परवाच दत्ताराम काकांकडे पोचवली असली तर रविवारी मी काय करणार? तुमच्या आईंसारखी अंगणात बायका बसलेल्या बघणार?

राजश्री

---

देवरूख
७ मार्च २०२५

चि. सौ. राजश्री,

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. आमच्या गल्लीतला विनोद एसटीत कंडक्टर आहे, तो आज रत्नागिरीला जातोय, त्याच्या हाती देते.

तू इकडे निघून ये. शमिकाला घे आणि उद्याच ये. देवीच्या वस्त्राला तीन बाजू असल्या तरी देवी रागवणार नाही, माणसं रागवतील, रागवू देत. गाठोड्यात तुझी साडी असणार. मी पण गाठोडंच करून नेलं होतं.

तू तिथे नसशील तर निदान तुझ्या बांगड्यांना तरी कुणी हात लावणार नाही. तिथे थांबून तुझ्या हातून ती पट्टी शिवून घेतील, ते माझ्याच्यानं सहन होणार नाही.

येशील ना? खालची खोली झाडून ठेवलीय.

सत्यवती आत्या

---

खारवाडी
१० मार्च २०२५

ती. आत्यांना,
साष्टांग नमस्कार.

मी आले नाही. विनोदनं पत्र शनिवारी दिलं, पिशवीही भरली होती. मग वाटलं, मी गेले तर माझ्या नावानं दुसरं कुणीतरी बोलणार. तुमच्या आईंच्या नावानं तुम्ही बोललात, तसं. म्हणून थांबले.

काल सकाळी नऊला देवळात गेले. मशीन गावकीच्या पोरांनी आधीच नेऊन ठेवलं होतं. सगळी वाडी सभामंडपात. वस्त्र मधे पसरलेलं, तीन बाजू झालेल्या आणि चौथी उघडी. सासूबाई कुठे दिसल्या नाहीत. दत्ताराम काकांनी मला नाव घेऊन विचारलं, बाय, आणलंस का?

मी वही उघडली आणि सातवं पान वाचलं. मग तुमचं सांगितलं. तुम्ही सांगायला परवानगी दिली होती, तरी तुमचं नाव मी हळूच घेतलं. एकोणसत्तर साली गोदाआजींनी काठ दिला नव्हता, तो त्यांच्या नकळत कापला होता, हे ऐकून म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दत्ताराम काकांनी वही हातात घेतली. अक्षर ओळखलं त्यांनी, तोंडावरून कळलं. पण आत्या, ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, "ह्या तिघींनी दिलान ता काय फुकट? त्यांना मी काय सांगू?"

मी भाविकाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. याचं उत्तर सातव्या पानावर लिहिलेलं नव्हतं. मी तिथेच हरले होते.

तेवढ्यात सासूबाई आल्या. पावसहून सकाळच्या एसटीनं आलेल्या, हातात ते गाठोडं. कुणाशी न बोलता आत आल्या, वस्त्रापाशी बसल्या आणि गाठ सोडली. वर माझी कात्री होती. तिच्याखाली चार बोटं रुंद पट्टी, नीट घडी घातलेली.  मला वाटलं, आता झालं.

दत्ताराम काकांनी पट्टी उलगडली. अंजिरी रंगाची, रुईफुली काठाची. माझ्याकडे तसली साडीच नाही, आत्या. ते सासूबाईंच्या लग्नातलं लुगडं होतं. ट्रंकेच्या तळाशी होतं ते, आणि त्यासाठी त्या माझ्या साड्या उपसत होत्या.

काका म्हणाले, हे बायकोचं नाही, हे चालत नाही. तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"कुणाचं चालतं ह्ये तुज्या बापाशीनं ठरवलान. माजा पोर मी देतंय. तिचा घोव तिच्याकडं ऱ्हऊ दे."

आपला मुलगा त्यांनी दिला आणि माझा नवरा माझ्याकडे ठेवला. मग भाविका पुढे आली, पट्टीचं एक टोक तिनं उचललं आणि वस्त्राच्या कडेला धरलं. मला म्हणाली, शिव.

मी मशीनवर बसले. सासूबाईंनी दुसरं टोक ताणून धरलं. शिवता शिवता मी त्यांना हळूच म्हटलं की मला माफ करा. त्या म्हणाल्या की तू असं समजलीस कशी, तेवढंच लागलं. त्या नवी सून म्हणून आल्या तेव्हा गोदाआजींनीच त्यांना सगळं सांगितलं होतं. तुम्ही कापलंत हे गोदाआजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आत्या. गावकऱ्यांवर त्यांचा संशय कधीच नव्हता. त्या म्हणायच्या, पोरीला लगीन हवं होतं, त्यात तिचा काय दोष, पण जिचं तिनं द्यावं, दुसऱ्यानं हात लावू नये. ते ताट मात्र त्यांनी आणखी तीन वर्षं वाढलं, तुम्ही सासरी गेल्यावरही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. देऊन मोकळी हो असं मला का म्हणत होतात, हेही मी विचारलं. तर सासूबाई म्हणाल्या, तुला द्यायचं नाही ह्ये कळायला मला उशीर लागला.

टाके सरळ आले नाहीत. चारही बाजू झाल्या तेव्हा काकांनी वस्त्राला हात लावून नमस्कार केला आणि वही मला परत न देता देवीपुढे ठेवली.

घरी येताना सासूबाई माझ्यापुढे चालत होत्या, एकदाही मागे न बघता. कुणी बायका आल्या नाहीत. अंगणात पोचल्यावर त्यांनी पायरीवर बसून घेतलं, पदरानं तोंड झाकलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा सर्वेशचं नाव घेऊन रडल्या. शमिका बाहेर आली, बघत राहिली. मी रडले नाही. माझी ती वेळ अजून आलेली नाही, आत्या. मी नुसती त्यांना धरून बसले.

राजश्री